जिथं हात लागला, तिथंच

चावी फिरवली आणि बॉनेटखालून एकच आवाज आला. टक.

दोन दिवस अंगणात चेनकप्पी लावून, बोटांची सालटी काढून आणि अर्ध्या गल्लीकडून पाने उसने आणून आम्ही गाडीचं इंजिन बदललं होतं. गाडी काकांची, १९९८ सालची मारुती ८००. तेलाचा दिवा पेटलेला असताना दामटल्यामुळे मूळ इंजिन जाम झालं होतं. जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच जातीचं दुसरं आणलं, मी आणि माझ्या मावसभावानं मिळून ते चढवलं आणि मोठ्या थाटात काकांच्या हातात चावी दिली. सेल्फने एकदा ‘टक’ केलं आणि गप्प बसला.

“बॅटरी उतरली असंल,” मावसभाऊ म्हणाला. शेजारच्या गाडीची बॅटरी आणून लावली. पुन्हा टक. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच. पाचव्या वेळी जळकट वास आला. मी आत हात घातला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल चहाच्या पातेल्यासारखी तापलेली. ही केबल म्हणजे पायाखालचं पेडल आणि कार्बोरेटर यांच्यातली नुसती दोरी. विजेशी तिचं काही देणंघेणं नाही. तरी ती पोळत होती.

कोपऱ्यावरचे मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. आमच्याकडे बघत म्हणाले, “इंजिनाला काय झालंय ते नका सांगू. तुमचा हात कुठं कुठं लागलाय, तेवढं सांगा.”

त्या दिवशी मला तो टोमणा वाटला. आता कळतं, की घरी इंजिन बदलणाऱ्याला लागणारं निम्मं शास्त्र त्या एका प्रश्नात होतं. आणलेलं इंजिन आधी कुठल्या तरी गाडीत चालतच होतं. त्याचे पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक यांना गाडी बदलल्याचा पत्ताही नसतो. बदललेले असतात ते फक्त सांधे. नंतर मी वहीत मोजून काढले : पेट्रोलच्या नळ्या, पाण्याचे पाइप, हवेच्या बारीक नळ्या, वायरींचे सॉकेट, केबली, सायलेन्सरचा जोड, फाउंडेशनचे बोल्ट धरून आम्ही एकतीस ठिकाणी सोडवासोडव केली होती. दोष त्या एकतिसात असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

विजेची परतीची वाट

शाळेत आपण शिकतो की वीज बॅटरीतून निघते आणि बॅटरीतच परत येते. गाडीत जाण्याची वायर दिसते, येण्याची दिसत नाही, कारण परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. दिवे, हॉर्न, वायपर सगळे आपला करंट पत्र्यात सोडून देतात आणि तो पत्र्यातून बॅटरीच्या काळ्या टोकाशी येऊन पोचतो.

इंजिन मात्र पत्र्याला थेट चिकटलेलं नसतं. हादरे बसू नयेत म्हणून ते रबराच्या फाउंडेशनवर ठेवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणजे गाडीतला सगळ्यात खादाड विजेचा ग्राहक, सेल्फ, एका बेटावर बसलेला असतो. त्या बेटाला किनाऱ्याशी जोडणारा पूल म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली, वीतभर लांबीची अर्थिंगची पट्टी. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये होती. ती आम्ही सोडवली होती. परत लावली नव्हती.

सेल्फ इंजिन फिरवताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. बाथरूममधला दोन हजार वॉटचा गिझर नऊ अँपिअर घेतो, म्हणजे दहा-अकरा गिझर मिळून जेवढा होईल तेवढा. पूल नसला म्हणून हा लोंढा थांबत नाही. धातूची दुसरी कुठली वाट मिळते का ते बघतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल एका टोकाला इंजिनावर, दुसऱ्या टोकाला बॉडीत. ट्रकचा लोंढा पायवाटेने निघाल्यासारखा सगळा करंट त्या बारीक पोलादी तारेत शिरला. तार तापली आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम ‘टक’ करण्यापुरती वीज उरली.

हे तपासायला दोन-तीनशे रुपयांचं मल्टिमीटर पुरतं. एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगायचं. वाट मोकळी असेल तर काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आमचा आठच्या वर गेला. बारातले आठ व्होल्ट केबल तापवण्यात खर्ची पडत होते. मिस्त्रींनी पट्टीची दोन्ही टोकं घासून चकचकीत केली, बोल्ट आवळले, आणि सेल्फ गरगरा फिरला.

फिरला. इंजिन मात्र सुरू झालं नाही.

एकाच खुणेचे दोन अर्थ

कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज आला, मग सायलेन्सरमधून. अंगणातली मांजर भिंतीवर गेली. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, पण दोघांची वेळ जुळत नव्हती.

मारुती ८०० हे शिकायला फार प्रेमळ यंत्र आहे. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली, २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि मधल्या काळात देशातल्या कित्येक मेकॅनिकांचे हात हिच्यावरच बसले. इंजिन ७९६ सीसीचं, सिलेंडर तीन, ठिणगीचा क्रम १-३-२. पण तत्त्व त्याहून जुनं. जर्मनीत निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार फेऱ्यांचं इंजिन चालवून दाखवलं. हवा-पेट्रोल आत ओढा, दाबा, पेटवा, धूर बाहेर टाका. पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर. या चार फेऱ्यांसाठी क्रँकचे दोन पूर्ण वेढे लागतात.

इथेच मला पहिल्यांदा गंमत कळली. पिस्टन दर वेढ्याला एकदा अगदी वर येतो. एकदा दाबलेलं मिश्रण घेऊन येतो, तेव्हा ठिणगी हवी. दुसऱ्यांदा धूर ढकलत येतो, तेव्हा ठिणगीचा उपयोग नाही. पुढच्या पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा तंतोतंत जुळते. आम्ही खूण जुळवली आणि डेल्को, म्हणजे ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, मोठ्या आत्मविश्वासानं बसवला. नेमका दुसऱ्या फेरीवर. पिस्टन धूर बाहेर टाकत असताना ठिणगी पडत होती, आणि हवेचा व्हॉल्व्ह उघडत असताना ती आग उलटी कार्बोरेटरमधून बाहेर फटकत होती.

यातली खरी फेरी ओळखण्यासाठी मिस्त्रींनी वापरलेलं उपकरण म्हणजे त्यांचा अंगठा. पहिल्या सिलेंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि मावसभावाला क्रँकच्या बोल्टवर पाना लावून सावकाश फिरवायला सांगितलं. एका वेढ्याला काही झालं नाही. दुसऱ्या वेढ्याला आतल्या हवेने अंगठा ‘फुस्’ करून उचलला. “हां, ही खरी,” मिस्त्री म्हणाले. मग मलाही करून बघायला लावलं. आजवर पुस्तकात वाचलेलं ‘कॉम्प्रेशन’ त्या दिवशी मला अंगठ्याच्या पोटाला कळलं.

डेल्को काढून अर्धा फेरा फिरवून बसवला. अर्धाच का? क्रँकचे दोन वेढे होतात तेव्हा तो एकदाच फिरतो, म्हणून. कव्हरवरच्या वायरी पुन्हा क्रमाने लावल्या. त्यातल्या दोन जरी आपसात बदलल्या तरी तीनपैकी एकच सिलेंडर वेळेवर पेटतो आणि गाडी लंगड्या घोड्यासारखी थरथरते. त्यालाच गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात.

चावी फिरवली. इंजिन धडधडलं. काकांनी टाळी वाजवली.

थांबलेली पुली

ठिणगी योग्य फेरीत पडणं पुरेसं नाही, योग्य क्षणी पडावी लागते. पेट्रोलची ज्योत चेंबरभर पसरायला वेळ घेते, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडं आधी ठिणगी टाकतात. किती आधी, हे अंशांत मोजतात. मिनिटाला ९०० वेढ्यांच्या शांत चालीत क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा सुमारे साडेपाच हजारावा भाग लागतो. डोळ्याला हे दिसणं शक्य नाही.

तरी ते दिसतं. मिस्त्रींनी पिस्तुलासारखा एक दिवा आणला, त्याची चिमट्याची वायर पहिल्या प्लगच्या वायरीला लावली आणि फिरत्या पुलीवर रोखला. पुली थांबली! इंजिन धडधडतंय, पट्टा पळतोय, आणि पुलीवरचा पांढरा ठिपका मात्र हवेत टांगल्यासारखा स्थिर. दिवा प्लगच्या ठिणगीबरोबर लखलखतो. ९०० च्या चालीत पहिला सिलेंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो, तेवढ्या वेळा दिवा चमकतो, आणि प्रत्येक चमकेच्या क्षणी ठिपका त्याच जागी आलेला असतो. मधल्या अंधारात पुलीनं काय केलं ते डोळ्याला कळत नाही. मिस्त्री डेल्को केसभर इकडे-तिकडे फिरवत होते आणि तो थांबलेला ठिपका हळूहळू खुणेकडे सरकत होता. आम्ही तिघे वाकून बघत होतो. काकूंनी दोनदा चहासाठी हाक मारली, कुणी हललं नाही.

नऊ टाक्या हवा

इंजिन चाललं, पण चोक ओढलेला असताना. चोक आत ढकलला की मरायचं.

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला किती हवा लागते? वजनात हिशोब केला तर पेट्रोलच्या सुमारे पावणेपंधरा पट. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे हवा अकरा किलो. अकरा किलो हवा म्हणजे जवळपास नऊ हजार लिटर. गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात, तशा नऊ टाक्या भरून हवा, एका लिटरमागे. आपण पेट्रोलचे पैसे मोजतो म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असं म्हणतो. खरं तर ती मुख्यतः हवाच खात असते.

म्हणून कुठूनही हिशोबाबाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं. पायाखालचं पेडल सोडलेलं असतं तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते आणि तिच्यापलीकडे पिस्टन हवा ओढत असतात. बंद दाराआडून कुणी जोरात श्वास घ्यावा, तसं. तिथला दाब बाहेरच्या हवेच्या एक-तृतीयांशापर्यंत उतरतो. अशा वेळी करंगळीएवढी नळी उघडी राहिली तरी तिच्यातून हवा सुसाट आत जाते. चोक ओढल्यावर पेट्रोल वाढतं, जास्तीच्या हवेला पुरं पडतं, आणि इंजिन तगतं. चोकवर चालणं आणि चोकशिवाय मरणं ही या चोरवाटेची ओळख.

शोध कानाने लागला. हवा सिलेंडरांकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला ‘सूऽऽ’ असा बारीक आवाज होता. डेल्कोकडे जाणारी रबरी नळी आम्ही लावली होती, पण वळणावर ती चिरलेली होती. बोट ठेवलं तर बोट ओढून घेतलं, आणि त्याच क्षणी इंजिनाची चाल सुधारली. कान पुरत नसतील तर जोडांवर साबणाचं पाणी शिंपडावं. पाणी ओढलं गेलं की चाल बदलते. काही जण यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनावर तो खेळ करू नये.

मुका काटा

चौथं दुखणं सर्वांत धोक्याचं, कारण ते आवाज करत नाही.

इंजिन चढवताना पाण्याची सगळी वाट रिकामी झालेली असते. रेडिएटरमध्ये वरून पाणी ओतलं की ते काठोकाठ दिसतं, पण इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, हवेचा फुगा अडकून बसतो. गॅरेजवाले म्हणतात, ‘हवा धरली’. पंप पाणी ढकलतो, हवेला ढकलून काही होत नाही, आणि प्रवाह थांबतो. त्यात तापमान सांगणारा सेन्सर नेमका त्या फुग्यात आला तर तो पाण्यात नसतोच. आत धातू भाजत असतो आणि डॅशबोर्डवरचा काटा निवांत मधोमध उभा असतो. काटा खोटं बोलत नाही. त्याला जे लागतंय, म्हणजे हवा, तेवढंच तो सांगतो.

यावर औषध आहे धीर. गाडीचं तोंड चढावर ठेवायचं. इंजिन थंड असतानाच रेडिएटरची टोपी काढायची, हीटर असेल तर पूर्ण गरमवर करायचा, मग इंजिन चालू करून शांत चालीत ठेवायचं. आतला थर्मोस्टॅट ऐंशी अंशांच्या पुढे उघडतो. तो उघडला की ‘गुडूप गुडूप’ करत बुडबुडे वर येतात आणि पाण्याची पातळी एकदम खाली जाते. आमच्या गाडीनं त्या वेळी दीड लिटर पाणी आणखी प्यायलं. तेवढी जागा हवेनं व्यापली होती. गरम इंजिनाची टोपी मात्र कधीही उघडू नये. टोपी बंद असताना आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी सैल केली की ते एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

तेलाचंही असंच. बरेच दिवस पडून असलेल्या इंजिनाच्या बेअरिंगांत तेल उरलेलं नसतं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, ठिणगी बंद ठेवून नुसता सेल्फ मारावा. तेलाचा दिवा विझला की मग प्लग लावावेत. काकांचं पहिलं इंजिन ज्या दिव्यामुळे गेलं, त्याच दिव्याकडे या वेळी सगळ्यांचे डोळे होते.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगता येतात. गिअर पडताना कर्रकर्र होत असेल तर क्लचच्या केबलची ढील बघा. गाडी सोडताना अंगात आल्यासारखी हलत असेल तर क्लच प्लेटवर तेलाचे हात लागले होते का ते आठवा. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरत असेल तर फाउंडेशनचे बोल्ट सैल करून, इंजिनाला आपल्या वजनाने बसू देऊन पुन्हा आवळा. स्पीडोमीटर शून्यावर असेल तर त्याची केबल खाली लोंबत असणार.

दात मोजणारा मेंदू

नव्या गाड्यांत डेल्को नाही, कार्बोरेटर नाही, फिरवून जुळवण्यासारखं जवळपास काही नाही. तिथे पुलीवरच्या खुणेचं काम एक दातेरी चाक करतं. क्रँकवर बसवलेल्या या चाकावर अनेक गाड्यांत साठ दातांची जागा असते, पण दात अठ्ठावन्नच. दोन मुद्दाम गाळलेले. शेजारी साधारण मिलिमीटरभर अंतरावर एक सेन्सर बसलेला असतो आणि त्याच्या समोरून जाणारा प्रत्येक दात कॉम्प्युटर मोजतो. दोन दातांची खिंड आली की त्याला कळतं, क्रँक आता कुठे आहे. मिनिटाला तीन हजार वेढे असताना ती खिंड सेकंदाला पन्नास वेळा जाते आणि तो एकदाही चुकत नाही.

म्हणून नव्या गाडीत इंजिन बदलल्यावर सेल्फ फिरतो पण ठिणगीच नाही, पेट्रोलही नाही, असं झालं तर आधी हा सेन्सर आणि त्याचा सॉकेट बघावा. स्कॅनर लावला तर बहुधा पी ०३३५ हा कोड दिसतो. आणखी एक फसवी जागा म्हणजे बाहेरून हुबेहूब दिसणारं इंजिन, पण दुसऱ्या सालाचं. त्याच्या चाकाचे दात वेगळे असतील तर कॉम्प्युटरला ती भाषाच कळत नाही. अशा वेळी जुन्या इंजिनाचं चाक आणि सेन्सर काढून नव्यावर चढवावे लागतात. इंजिनाबरोबर त्या गाडीचा कॉम्प्युटरही आणून बसवला, तर तो तुमच्या चावीला ओळखत नाही आणि दार अडवून बसतो.

मोजण्याची रीत बदलली, प्रश्न तोच राहिला. पिस्टन कुठे आहे, आणि ही कुठली फेरी?

सोडवण्याआधी

आम्ही चार चुका केल्या होत्या आणि चारही आमच्याच हातच्या होत्या. इंजिन पहिल्यापासून ठणठणीत होतं. मिस्त्रींनी एका वेळी एकच गोष्ट बदलली, बघितली, मग पुढे गेले. आम्ही आदल्या संध्याकाळी घाबरून प्लग, कॉइल, बॅटरी असं सगळं एकदम बदललं होतं, त्यामुळे काय बिघडलं होतं ते कळत नव्हतं आणि काय सुधारलं तेही.

तुम्ही हा उद्योग करणार असाल तर इंजिनाला पाना लावण्याआधी मोबाइलवर प्रत्येक जोडाचा फोटो काढा. प्रत्येक नळीला आणि वायरीला चिकटपट्टीची चिठ्ठी बांधा, आणि दोन्ही टोकांना एकच आकडा लिहा. काढलेले बोल्ट ज्या भोकातून काढले तिथेच दोन आटे बसवून ठेवा. टांगलेल्या इंजिनाखाली किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालू नका. आणि बॅटरीचं काळं टोक सगळ्यात आधी काढून सगळ्यात शेवटी लावा.

गाडी सुरू झाली, फिरून आली, पाणी-तेल जागच्या जागी राहिलं, तरी एक जोड बाकी असतो. आरसीवर इंजिनाचा नंबर छापलेला असतो आणि आता तो तुमच्या बॉनेटखाली नसतो. जुन्या बाजारातून इंजिन घेताना पावती घ्या, नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्या. काकांच्या गाडीचा हा बत्तिसावा जोड लावायला आम्हाला इंजिन चढवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.